सॉनात वाद नाही

कॅप्टनचा फोन आला तेव्हा हेल्मी पेस्ट्यांच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, कडा मुरडत होती, आणि तिची नणंद आयरीन मदत करायची सोडून कडा कशा मुरडाव्यात ते सांगत होती. काइसा फोन घेऊन मागच्या पडवीत गेली. जाळीच्या दारातून तिचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"हो सर. नाही सर. माझे आजोबा, सर." मग पलीकडून लांबलचक काहीतरी. "सत्त्याहत्तर, सर. छे छे, डोकं अगदी ठिकाणावर आहे, सर. तीच तर पंचाईत आहे."

आयरीनने कपाळाला हात लावला. "काय केलं आता आमच्या बंधुराजांनी?"

काइसा आत आली. बावीस वर्षांची पोर, नॅशनल गार्डमध्ये पूल बांधायच्या तुकडीत, मंगळवारी आखातातल्या युद्धावर निघायची होती. तिने एक कच्ची पेस्टी उगाचच इकडची तिकडे केली.

"आजोबांनी आमच्या बसची वेळ लिहिलीय."

"कुठे?"

"सगळ्या जगासमोर, आजी. आणखी कुठे?"

आर्व्हो सालमेला, हेल्मीचा नवरा, बारा वर्षं रोज इंटरनेटवर एक पान लिहीत होता. पानाचं नाव 'उघडं दार'. युद्ध, निवडणुका, राष्ट्राध्यक्ष, रस्त्यातले खड्डे, सगळ्यांची हजेरी तिथे लागायची. खाली पूर्ण नाव आणि सही. टोपणनावाने लिहिणाऱ्यांना तो भित्रे ससे म्हणायचा. व्हिएतनामातून त्याने आईला 'इथे सगळं मजेत आहे' अशी पत्रं धाडली होती, आणि तिथून जिवंत परत आल्यावर स्वतःशी ठरवलं होतं की यापुढे जे काही म्हणायचं ते उघड्यावर. लिहिलेला एक शब्दही त्याने कधी पुसला नव्हता. चुकलेले अंदाज, हरलेले उमेदवार, लोकांच्या शिव्या, सगळं जागच्या जागी.

आणि गुरुवारी या बाबाने काय लिहावं? मंगळवारी पहाटे कुठून, कोणत्या रस्त्याने, किती बस निघणार ते. आमच्या भागातलं पोर सैन्यात निघालं की लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडे घेऊन उभे राहतात. पूर्वी त्यासाठी घरोघर फोन व्हायचे. आर्व्होने सोय केली. 'झेंडे आणा, रडायचं असेल तर घरी जाऊन रडा' असं लिहून खाली हे युद्ध कसं शुद्ध मूर्खपणाचं आहे याचे तीन परिच्छेद जोडले. आखातातल्या शत्रूलाही इंग्रजी वाचता येत असेलच, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"वेळ आता बदलतील," काइसा म्हणाली. "पण पान उद्या सकाळपर्यंत पुसलं पाहिजे. नाहीतर मी इथेच राहायचं, चौकशीला. बाकीचे जातील. माझ्या जागी राखीव यादीतला डर्क जाईल, आजी. त्याची मुलगी अजून रांगतसुद्धा नाही."

हेल्मीने हात पुसले. नात घरी राहील, हे ऐकल्यावर तिच्या मनात क्षणभर जे आलं ते तिने कणकेसारखं दाबून टाकलं.

"मग पुसेल की. जेवताना सांगू."

"पुसेल?" आयरीन हसली. "वहिनी, तुझ्या लग्नाला पन्नास वर्षं झाली ना गं? कोणाशी झालंय ते अजून कळलं नाही वाटतं."

*

जेवणाच्या टेबलावर ट्रेसी, काइसाची आई, सासऱ्यांच्या बरोब्बर समोर बसली. शेजारी नवरा, कर्ट. बटाट्याच्या वाफ्यापलीकडचं घर या दोघांचं. तिच्या अंगणात राष्ट्राध्यक्षांच्या नावाची पाटी होती, आणि सासऱ्यांच्या अंगणात त्याच राष्ट्राध्यक्षांच्या विरोधातली. दोन्ही पाट्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या. मध्ये बिचारे बटाटे.

ट्रेसीने पेस्टीवर ग्रेव्ही ओतली. आर्व्होने डोळे मिटून घेतले. सालमेलांच्या घरात तीन पिढ्या पेस्टी केचपशी खातात.

"आई," कर्ट आईला म्हणाला, "केचप द्या म्हणावं."

"हेल्मी," आर्व्हो बायकोला म्हणाला, "हात पोचतोय म्हणावं त्याचा."

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. बापलेकांचं समोरासमोर बोलणं बंद. बोलायचे ते फक्त पानावर. आर्व्होने लिहिलं की खाली पहिली कॉमेंट ठरलेली: 'चूक. कर्ट ए. सालमेला.' कधी त्यापुढे कारण, कधी नुसतंच चूक. कर्ट हिवाळ्यात रस्त्यावरचं बर्फ ढकलायची गाडी चालवायचा. पहाटे तीनला कामावर निघण्याआधी गाडीत बसून तो बापाला चूक ठरवायचा आणि मगच इंजिन सुरू करायचा. गावातल्या लोकांनी यावर पैजासुद्धा लावून पाहिल्या, पण कर्टच्या विरुद्ध लावायला कोणी मिळेना.

"बाबा," ट्रेसी म्हणाली, "ते पान तुम्ही पुसणार आहात ना?"

"मी काही पुसत नसतो, सूनबाई. जगजाहीर आहे ते."

"जगजाहीर आहे हीच तर अडचण आहे!"

"आजोबा," काइसा म्हणाली, "फक्त बसच्या ओळी काढा. मूर्खपणाचे परिच्छेद राहू देत."

"कॅप्टन म्हणतो अख्खं पान. तूच सांगितलंस."

"मग अख्खं."

आर्व्हो पेस्टीच्या कडेशी खेळत राहिला. ट्रेसीने ते पाहिलं. इतकी वर्षं या माणसाशी भांडून तिला त्याच्या सगळ्या खोडी पाठ होत्या. तत्त्वाचं बोलायचं असलं की तो खुर्ची मागे सारायचा आणि बोट वर करायचा. आज खुर्ची हलली नाही, बोटही नाही. ट्रेसीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कळलं मला," ती म्हणाली. "तुम्हाला पुसायचंच नाहीये. ती अडकावी म्हणूनच हे. पोरीची सगळ्यांसमोर नाचक्की झाली तरी चालेल, पण युद्धाविरुद्धचा तुमचा हेका सुटता कामा नये!"

"ट्रेसी!" हेल्मी म्हणाली.

"मी मुद्दाम केलं म्हणतेस?" आर्व्होचा आवाज बारीक झाला. "माझ्या नातीशी?"

"मग पुसा!"

आर्व्हो उठला आणि परसातला सॉना, म्हणजे लाकडी वाफघर, तापवायला निघून गेला. ट्रेसीने कर्टकडे पाहिलं. इतर वेळी त्याने एव्हाना फोन काढून बापाला चूक ठरवून टाकलं असतं. आज तो ताटात बघत होता.

"तू काहीतरी बोल ना."

"ग्रेव्ही दे जरा," कर्ट म्हणाला.

आयरीनने काटाच खाली ठेवला. सालमेलांचा मुलगा ग्रेव्ही मागतोय म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

*

आर्व्होच्या वडिलांनी जुना देश सोडून इथे आल्यावर आधी सॉना बांधला आणि मग घर. दोन उन्हाळे कुटुंब सॉनातच राहिलं, आर्व्होची थोरली भावंडं तिथेच जन्मली. त्यामुळे सॉनात चर्चसारखं वागायचं, हा घरचा कायदा. शिवी नाही, वाद नाही, आवाज चढवणं नाही. शनिवारच्या पाळ्या पूर्वी दोन होत्या, आधी बायका, मग पुरुष. तीन वर्षांपासून तीन झाल्या होत्या. बायका, मग आर्व्हो, मग कर्ट.

वरच्या बाकावर चौघी घाम गाळत बसल्या. खिडकीतून उन्हाळ्यातलं लांबलचक ऊन येत होतं.

"ते मुद्दाम करताहेत," ट्रेसी अगदी गोड आवाजात म्हणाली.

"सॉनात वाद नाही," हेल्मी म्हणाली.

"वाद कुठे घालतेय, आई? माहिती देतेय."

आयरीन खुदकन हसली. हेल्मीने डावाने पाणी घेऊन तापलेल्या दगडांवर टाकलं. चर्रर्र झालं, वाफ अंगावर आली, आणि चौघींनीही माना खाली घातल्या.

"गुरुवारपासून तो ते पान सारखं उघडतोय," हेल्मी म्हणाली. "मी मागे उभी राहून बघितलं. स्वतःचं लिहिलेलं वाचत नाही. थेट तळाशी जातो. बघतो आणि बंद करतो. मग पुन्हा उघडतो. मला वाटलं, कोणीतरी वाईट शिवी दिलीय."

"शिवी नाहीये, आजी," काइसा म्हणाली. आईकडे न बघता ती पुढे बोलली. "तळाशी डॅडींची कॉमेंट आहे. या वेळी चूक नाही म्हणाले ते."

"मग काय म्हणाला?" ट्रेसीने विचारलं. ती सासऱ्यांचं पान वाचत नसे. फुकट अपमान करून घ्यायला तिला वेळ नव्हता.

काइसाला ते तोंडपाठ होतं. "'या खेपेला चूक म्हणवत नाही. मला रात्रभर झोप नाही. ती जाऊ नये असं वाटतं. कर्ट ए. सालमेला.'"

आयरीनने हळूच खालच्या बाकावर पाय सोडले.

"पान पुसलं की खालचं सगळं जातं," काइसा म्हणाली. "मी मघाशी आजोबांना म्हटलं, फोटो काढून ठेवा त्याचा. तर म्हणाले, फोटोला उत्तर देता येत नाही. दोन दिवस उत्तर लिहिताहेत आणि खोडताहेत."

ट्रेसीच्या चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. त्यात आणखी काही होतं की नाही ते सॉनात कळत नाही, हाच सॉनाचा मोठा फायदा.

"मला नाही सांगितलं त्याने," ती म्हणाली. "शेजारी झोपतो माझ्या. मला नाही सांगितलं, गावाला सांगितलं."

"गावाला नाही गं," हेल्मी म्हणाली. "बापाला सांगितलं. दुसरा रस्ता ठेवलाय कुठे दोघांनी?"

"आणि मी त्याच्यासमोर रोज झेंडा नाचवतेय." ट्रेसीने तोंडावरून हात फिरवला. "मला काय वाटतं ते तरी कोण विचारतंय? मी घाबरले तर ही कशी जाईल?"

काइसाने आईच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. "जाईन मी, मॉम. तू घाबरलीस तरी जाईन. डर्कला पाठवून मला इथे पेस्ट्या खाता येणार नाहीत."

थोड्या वेळाने ट्रेसीने नाक ओढलं आणि सासूकडे वळली. "आई, लाकडं किती उरलीत?"

"भिंतभर आहेत. कर्टनेच फोडून ठेवलीत."

"संपली," ट्रेसी म्हणाली.

आयरीनने तिच्याकडे पाहिलं, मग भावजयीकडे. "हो गं बाई, संपलीच," ती म्हणाली. "तिसरी पाळी काही होत नाही आता."

*

"लाकडं संपलीत," ट्रेसीने सांगितलं, तेव्हा कर्ट वळचणीपर्यंत रचलेल्या लाकडांना टेकून उभा होता.

"हे काय आहे मग?"

"ती ओली आहेत."

"दोन वर्षांपूर्वीची आहेत, ट्रेसी."

"कर्ट," ती म्हणाली. असा आवाज तिने लग्नात काढला होता, त्यानंतर आजच. "मी वाचलं नाहीये. पण मला कळलंय. आत जा."

कर्ट आत गेला. बाप वरच्या बाकावर बसला होता. छातीवरचे केस पांढरे, गुडघे पूर्वीपेक्षा टोकदार. कर्ट खालच्या बाकावर बसला, उजवा कान बापाच्या बाजूला येईल असा. डावा लहानपणापासून बहिरा होता. त्या कानापायी एकोणिसाव्या वर्षी सैन्याने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. आणि तीन वर्षांपूर्वी आर्व्होने पानावर लिहिलं होतं, 'ज्यांनी कधी गणवेश चढवला नाही त्यांनाच लढाईची हौस.' नाव लिहिलं नव्हतं. गावात दुसऱ्या कोणाला लागलं नाही, कर्टला लागलं.

आर्व्होने पाणी टाकलं. इथे फोन नव्हता, पानाच्या तळाशी लिहायला जागा नव्हती.

"लाकडं ओली आहेत म्हणे," आर्व्हो भिंतीला म्हणाला.

"हो. मलाही तसंच सांगितलं."

आर्व्हो हसला. कर्टलाही हसू आलं, मग दोघंही एकदम थांबले.

"बाबा," कर्ट म्हणाला, "एक सांगतो. दुपारपासून मनात येतंय, तुम्ही पुसू नये. पोर घरी राहील. चौकशी होऊ दे, नाव खराब होऊ दे. जिवंत तर राहील."

"माझ्याही मनात आलं ते." आर्व्होने मान खाली घातली. "तुझ्या बायकोने बरोबर पकडलं मला. मुद्दाम लिहिलं नाही रे. पण आज दुपारी फोन आल्यापासून... हो. आलं मनात."

"आपण दोघं कधी नव्हे ते एका बाजूला आलो."

"आणि चुकीच्या बाजूला."

"चूकच," कर्ट म्हणाला. तीन वर्षं लिहिलेला शब्द त्याने पहिल्यांदाच तोंडाने उच्चारला. "ती आपल्याला कधी माफ करायची नाही. डर्कला काही झालं तर स्वतःलाही करायची नाही."

"मग पुसायला हवं."

"हवं."

आर्व्हो जागचा हलला नाही. डाव बादलीत फिरवत राहिला.

"पण तू खाली जे लिहिलंस ना," तो म्हणाला, "ते जाईल रे. मला तेवढंच... तीन वर्षांत तू मला एवढं एकच सांगितलंस, कर्ट. बाकी सगळं चूक चूक."

बर्फात गाडी अडकली तर काय करायचं ते त्याला माहीत होतं. इथे काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं.

"मला भीती वाटते, बाबा," शेवटी तो म्हणाला. "ती जाऊ नये असं वाटतं. युद्धावर चार लोकांत मोठमोठ्याने बोलायला मला आवडतं, पण तिचे बूट दारात दिसले की मी मागच्या दाराने जातो. घ्या. आता तोंडाने सांगितलं. आता पुसा."

आर्व्होने हात पुढे केला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला. ओल्या, विरळ झालेल्या केसांवर. "गणवेशाबद्दल मी जे लिहिलं होतं," तो म्हणाला, "ते मी तुझा कान विसरून लिहिलं नव्हतं. आठवून लिहिलं होतं. म्हणून जास्त वाईट. तुला परत पाठवलं त्या दिवशी गाडीत मी गप्प बसलो होतो ना, ते मला आनंद झाला होता म्हणून. तो लपवत होतो."

"तेव्हाच सांगायचं होतं की."

"उघडं दार नंतर काढलं ना मी."

कर्ट इतका मोठ्याने हसला की बाहेर काइसाने दचकून आजीचा हात धरला.

"भांडताहेत का?"

"छे," हेल्मी म्हणाली. "सॉनात वाद नाही."

*

दोघं टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि पायरीवर बसले. अंगातून वाफा निघत होत्या. डासांनी तेवढ्यात मेजवानी सुरू केली. हेल्मीने कॉफी आणि वेलदोड्याचा पाव आणून मध्ये ठेवला, आणि आर्व्होने फोन मागितला. एका बोटाने, जीभ बाहेर काढून, त्याने पान पुसलं. मग पुन्हा लिहायला लागला. शेजारी कर्टनेही स्वतःचा फोन काढला. बापाच्या खांद्यावरून वाचायचं सोडून हा पठ्ठ्या आपल्या फोनवर पान उघडून वाट बघत बसला.

हेल्मीच्या फोनवर आधी आर्व्होचं आलं: 'गुरुवारचं पान मी पुसलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. कारण विचारू नका, सांगणार नाही, हेही पहिल्यांदाच. आणि तीन वर्षांपूर्वी गणवेश न घातलेल्यांबद्दल लिहिलं होतं, ते मुद्दाम तसंच ठेवतोय. लोकांनी वाचावं आणि समजावं की ती माझी चूक. आर्व्हो सालमेला.'

लगेच खाली दुसरं टपकलं: 'बरोबर. कर्ट ए. सालमेला.'

"अरे, शेजारी बसलाय तो तुझ्या!" आयरीन ओरडली. "तोंडाने सांग की मेल्या!"

"गावाला पण कळू दे," कर्ट म्हणाला. आर्व्होने टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले आणि घाम फार येतो म्हणाला.

ट्रेसी येऊन कर्टच्या पलीकडे बसली, अगदी खेटून. तिने पावाचा तुकडा सासऱ्यांपुढे धरला. आर्व्होने तो निमूटपणे घेतला.

काइसाचा फोन वाजला. ती थोडी दूर, बटाट्यांपाशी जाऊन बोलली. परत आली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते.

"झालं," ती म्हणाली. "जायचंय मला. वेळ बदललीय. आज रात्रीच आर्मरीत, तुकडीच्या तळावर, राहायला जायचंय."

"किती वाजता?" आर्व्होने विचारलं आणि लगेच स्वतःची जीभ चावली.

"सांगता यायचं नाही, आजोबा."

"दिवस तरी?"

"तोही नाही. रस्ताही नाही."

आर्व्होने मान हलवली. बरोबर आहे म्हणाला. मग कॉफीच्या कपात बघत बसला. झेंडे घेऊन कोणी यायचं नाही आता. पोर कधी गेली तेसुद्धा ती गेल्यावरच कळणार.

"आर्मरीतून बाहेर पडायचे रस्ते दोनच आहेत," कर्ट म्हणाला. "दोन्हींवरचं बर्फ मीच काढतो."

काइसाने वडिलांकडे पाहिलं.

"तू काही सांगू नकोस," तो म्हणाला. "आम्ही काही विचारत नाही. उद्यापासून रोज पहाटे एका रस्त्यावर मी उभा राहीन, दुसऱ्यावर बाबा. तू गेलेली दिसेपर्यंत."

"आणि मी?" ट्रेसी म्हणाली.

"तू बाबांबरोबर उभी राहा. त्यांच्याकडे झेंडा नाहीये."

ट्रेसीने सासऱ्यांकडे पाहिलं. मागे सारायला खुर्ची नव्हती म्हणून आर्व्हो पायरीवरच थोडा मागे सरकला, पण बोट वर केलं नाही.

"आण तुझा झेंडा," तो म्हणाला. "कॉफी मी आणतो."